हाडं, मका आणि शिबाल्बा : युकातानमधले पितरांचे दिवस

२८ ऑक्टोबर, मेरिदा

ह्यूस्टनहून मेरिदाला विमान दोन-सव्वादोन तासांत पोचवतं. आई नाशिकहून आमच्याकडे आली होती. तिच्या पासपोर्टवर अमेरिकेचा चालू व्हिसा असल्यामुळे मेक्सिकोचा वेगळा काढावा लागला नाही. प्राचीन माया लोक मृत्यूकडे कसं बघत होते याबद्दल मी बरीच वर्षं वाचत आले आहे. त्यातलं जे आजही घराघरांत पाळलं जातं ते ऐन दिवसांत बघायचं, असं मनात पक्कं होतं. मेक्सिकोच्या युकातान द्वीपकल्पात ३१ ऑक्टोबर ते २ नोव्हेंबर हे दिवस ‘हनाल पिशान’चे. गेलेली माणसं या दिवसांत घरी जेवायला येतात. ३१ तारखेला लहान मुलं, १ला मोठी माणसं आणि २ला सगळेच.

संध्याकाळी लुकास दे गाल्वेस बाजारात गेलो. नुकताच पाऊस पडून गेला होता, फरशी ओली, हवा अंगाला चिकटणारी. केळीच्या पानांच्या गुंडाळ्या माणसाच्या उंचीएवढ्या रचलेल्या होत्या. एस्पेलोन नावाच्या काळ्या, चवळीसारख्या शेंगा बायका बसल्या जागी सोलत होत्या. आचिओते या लाल बियांच्या वाटणाचे गोळे, संत्री, हिकामा नावाचा कंद, मेणबत्त्यांच्या जुड्या, भरतकाम केलेले पांढरे रुमाल. मेणबत्त्या विकणाऱ्या बाईंनी आईकडे बघून मला विचारलं, “यांच्याकडे कोण येणार आहे?” मी मराठीत सांगितलं तशी आई लगेच म्हणाली, “आमचे हे. सांग तिला.” मोठ्या माणसासाठी पांढरी, लहान मुलासाठी रंगीत, असं म्हणून बाईंनी एक लांब पांढरी मेणबत्ती कागदात गुंडाळून दिली आणि पैसे घ्यायला नको म्हणाल्या. आईने आग्रहाने दिले.

शाकाहारी मंडळींसाठी इथेच सांगून टाकते. युकातानमधल्या शाकाहारी वाटणाऱ्या पदार्थांतही डुकराची चरबी असते, घेवड्याच्या उसळीत तर हमखास. ‘सिन मान्तेका’, म्हणजे चरबीशिवाय, असं आधीच सांगायचं. भोपळ्याच्या बिया भाजून टोमॅटोबरोबर वाटलेलं सिकिल पाक बिनधास्त मागवा. चायाच्या पानांचं थंडगार सरबतही सगळीकडे मिळतं. आईचा अर्धा प्रवास या दोन गोष्टींवर झाला.

२९ ऑक्टोबर, पोमुच

पोमुच हे कांपेचे राज्यातलं छोटं गाव, मेरिदाहून कांपेचे शहराकडे जाणाऱ्या रस्त्यावर. गावाचं नाव दोन गोष्टींसाठी घेतलं जातं : पाव आणि हाडं. सकाळी गावात शिरताना भट्टीतल्या पावाचा वास येतो, आणि चौकापासून थोडं चाललं की दफनभूमी.

दफनभूमी म्हणजे रंगीत, घरासारख्या खोपट्यांची गल्ली. निळी, गुलाबी, पिवळी. प्रत्येक खोपट्याच्या आत लाकडी पेट्या, झाकण अर्धवट उघडं, आणि पेटीतून बाहेर आलेल्या भरतकामाच्या रुमालावर हाडं रचलेली. पोमुचमध्ये माणूस पुरल्यावर साधारण तीन वर्षांनी त्याला बाहेर काढतात. हाडं स्वच्छ करून पेटीत ठेवतात, आणि मग दर वर्षी ऑक्टोबरच्या शेवटी घरचे येऊन ती पुन्हा पुसतात आणि रुमाल बदलतात.

एक सत्तरीच्या आजी आणि त्यांची मुलगी काम करत होत्या. परवानगी विचारून आम्ही शेजारी उभ्या राहिलो. आजींनी मांडीवर जुना टॉवेल पसरला होता आणि हातात रंगकामाचा दोन बोटं रुंदीचा ब्रश. पेटीतून एकेक हाड काढायचं, ब्रशने धूळ झाडायची, फडक्याने पुसायचं आणि टॉवेलवर ठेवायचं. आधी कवटी काढली आणि बाजूला, जणू बघायला बसवलं तशी, ठेवली. कवटीच्या मागच्या बाजूला थोडे केस अजून होते. मग बरगड्या, मणके, हातापायाची बारीक हाडं. ही बारीक हाडं त्या तळहातावर घेऊन अंगठ्याने पुसत होत्या. सगळं झाल्यावर पेटीत नवा रुमाल अंथरला. त्यावर रेशमाच्या धाग्याने नाव आणि लाल जास्वंदी भरलेली होती. तळाला मांडीची आणि दंडाची लांब हाडं, त्यावर बाकीची, सगळ्यात वर कवटी. कवटीचं तोंड बाहेर, गल्लीकडे. हे सगळं चालू असताना त्या नवऱ्याशी बोलत होत्या. नातीचं लग्न ठरलं, छप्पर गळत होतं ते दुरुस्त केलं, असं.

आई बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “आपण रामकुंडात अस्थी सोडल्या की मागे वळून बघायचं नाही म्हणतात. आणि ही दर वर्षी हातात घेते.” बाबांच्या अस्थी तिने स्वतः सोडल्या होत्या, म्हणून तिचं ते वाक्य माझ्या मनात घर करून राहिलं. मी आजींना त्याचा अर्थ सांगितला. त्यांना नदीचं आश्चर्य वाटलं नाही, पण “मग त्यांना भेटायला कुठे जाता?” हा त्यांचा प्रश्न होता. ज्यांची हाडं कोणी पुसत नाही ते रागावतात आणि गावात भटकत राहतात, असं इथे मानतात. म्हणून ज्यांचे घरचे परगावी आहेत त्यांची हाडं दफनभूमीतला राखणदार थोड्या पैशांत पुसून देतो.

हाडं जपायची ही रीत किती जुनी, याचा एक धागा सोळाव्या शतकापर्यंत जातो. दिएगो दे लांदा या स्पॅनिश पाद्रीने १५६२ मध्ये मानी गावात माया पोथ्या जाळल्या. त्यानेच पुढे युकातानच्या लोकांविषयी जे लिहून ठेवलं, त्यात कोकोम घराण्याच्या जुन्या सरदारांच्या कवट्यांची हकीकत आहे. कवटी स्वच्छ करायची, चेहऱ्याचा भाग ठेवायचा, मांसाच्या जागी एक प्रकारची डांबरासारखी माती भरून चेहरा पुन्हा घडवायचा, घरातल्या देवांबरोबर ठेवायचा आणि सणाला नैवेद्य दाखवायचा. ज्या माणसाने त्यांचं लिखाण राखेत घातलं, त्याच्याच कागदांतून हे आपल्याला कळतं, याचा मला नेहमी त्रास होतो.

पोमुचला जायचं असेल तर २६ ऑक्टोबरनंतर, सकाळी लवकर. फोटो पेट्यांचे काढायला सहसा कोणी अडवत नाही, पण माणूस हाडं पुसत असेल तर विचारल्याशिवाय फोन वर काढू नका. आणि परतताना भट्टीतला पाव घ्याच.

३१ ऑक्टोबर आणि १ नोव्हेंबर, मेरिदाच्या पूर्वेचं एक गाव

मेरिदातल्या आमच्या घरमालकीणबाईंचं माहेर एका खेड्यात आहे. त्यांनी दोन्ही दिवस तिकडेच नेलं. गावात स्पॅनिशपेक्षा माया जास्त ऐकू येत होती.

३१च्या दुपारी मुलांचं टेबल मांडलं. भरतकामाचा कापड, रंगीत मेणबत्त्या, चॉकलेट, गोड पाव, मातीची खेळणी, आणि शेक : संत्रं, मोसंबीसारखं फळ आणि हिकामा चिरून त्यावर तिखट आणि मीठ. घरात एक मूल अडीच वर्षांचं असताना गेलं होतं, त्याचा फोटो मधोमध. घरातल्या जिवंत पोरांच्या मनगटांना लाल दोरा बांधला, म्हणजे येणाऱ्या छोट्या आत्म्यांनी त्यांना खेळायला म्हणून ओढून नेऊ नये. कुत्रंही बांधून ठेवलं, पाहुण्यांची वाट अडवू नये म्हणून.

१ तारखेला पहाटे परसात खड्डा खणायला सुरुवात झाली. गुडघाभर खोल. तळाला सरपण, त्यावर दगड. दगड तापून लालभडक होईपर्यंत आत स्वयंपाकघरात सगळ्या बायका मळत होत्या. मक्याच्या पिठात आचिओते, मीठ, चरबी आणि सोललेले एस्पेलोन. त्याची जाड वाटी घडवायची, आत कोंबडी, टोमॅटो, एपासोते नावाचा पाला आणि मक्याच्या पिठाने दाट केलेला लाल रस्सा, वर पिठाचंच झाकण, आणि सगळं केळीच्या पानांत बांधायचं. याचं नाव मुकबिल पोयो. आईसाठी त्यांनी एक वेगळा छोटा बांधला, तेलातला, फक्त एस्पेलोनचा, आणि ओळखू यावा म्हणून त्याला पानाचीच शेंडी ठेवली. दगड सारखे करून त्यावर पुडकी ठेवली, वर पानं, पत्रा, आणि मग माती. पुरून टाकलं. आजोबांनी मातीवर हात ठेवून वाफ कुठून निसटते आहे ते बघितलं आणि तिथे आणखी एक फावडं टाकलं. दीड तासाने उकरलं तेव्हा परसभर धुराचा, पानाचा आणि भाजक्या मक्याचा वास पसरला. कडेचं कुरकुरीत आणि आतलं मऊ, असं मी आजवर खाल्लेलं मक्याचं सगळ्यात चांगलं काही असेल तर ते हेच.

पण आधी ते टेबलावर गेलं. मोठ्यांच्या टेबलावर पांढऱ्या मेणबत्त्या आणि मधोमध हिरव्या रंगाचा लाकडी क्रूस. चर्चमधल्या क्रूसाशेजारी हा हिरवा क्रूस मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा गोंधळले होते. तो सैबाच्या, म्हणजे माया जगाच्या मध्यभागी उभ्या असलेल्या झाडाच्या खुणेचा आहे. त्याची मुळं पाताळात आणि फांद्या आकाशात. क्रूसासमोर वाफाळलेला मुकबिल, पाण्याचा पेला, मीठ आणि वाळलेल्या फळाच्या अर्ध्या कवचाच्या वाट्यांत आतोले हे ताज्या मक्याचं पेय. एका वेगळ्या, लहान टेबलावर थोडं जेवण आणि एक मेणबत्ती, ज्याचं कोणी नाही त्या एकट्या आत्म्यासाठी. आईने बाजारातली मेणबत्ती पुढे केली तर आजींनी तिला टेबलाजवळ ओढलं, आपल्या मेणबत्तीवरून पेटवून दिली आणि बाबांचं नाव दोनदा विचारून नीट म्हणून घेतलं. मग प्रार्थनेतही ते घेतलं. आत्मे अन्नाचा वास आणि वाफ घेतात, म्हणून ते उरकेपर्यंत थांबायचं. नंतर जेवायला बसलो तेव्हा आजोबा म्हणाले की आता चव थोडी कमी लागेल, कारण त्यांचं खाऊन झालं.

आतोलेच्या त्या वाट्या ज्या झाडाच्या फळाच्या, त्या झाडाला स्पॅनिशमध्ये हिकारो म्हणतात. पोपोल वुहमध्ये ते झाड आहे. पोपोल वुह ही ग्वातेमालाच्या किचे मायांची कथा. फ्रान्सिस्को शिमेनेस या पाद्रीने अठराव्या शतकाच्या सुरुवातीला चिचिकास्तेनांगो इथे ती उतरवून घेतली आणि ती प्रत आज शिकागोच्या न्यूबेरी ग्रंथालयात आहे. रात्री झोपाळ्यांत पडल्यापडल्या आईला मी ती सांगितली.

हुन हुनाहपू आणि त्याचा भाऊ चेंडू खेळत होते. खेळाच्या धडधडाटाने जमिनीखालच्या शिबाल्बाचे, मृत्यूलोकाचे, सरदार चिडले. त्यांनी दोघांना बोलावून घेतलं, कपटाने हरवलं आणि मारलं. हुन हुनाहपूचं डोकं एका वांझ झाडाच्या बेचक्यात ठेवलं, आणि झाड एका रात्रीत गोल फळांनी लगडलं. कोणतं फळ आणि कोणतं डोकं ते कळेना. शिबाल्बाच्याच एका सरदाराची मुलगी श्किक कुतूहलाने तिथे गेली. कवटीने तिच्या तळहातावर थुंकी टाकली आणि ती गरोदर राहिली. ती वर पृथ्वीवर पळून आली. तिचे जुळे मुलगे हुनाहपू आणि श्बालान्के. मोठे झाल्यावर त्यांनाही खालून बोलावणं आलं. जाताना त्यांनी आजीच्या घरात मका लावला : हा वाळला तर समज आम्ही मेलो, पुन्हा फुटला तर समज जिवंत आहोत. खाली अंधाराचं घर, थंडीचं घर, वाघांचं घर, वटवाघळांचं घर, सुऱ्यांचं घर. सगळ्यांतून ते निभावले, आणि शेवटी स्वतःहून भट्टीत उडी घेतली. त्यांची हाडं दळून नदीत टाकली. पाचव्या दिवशी ते पाण्यातून परत आले.

“दळून?” आईने विचारलं. हो, मक्यासारखी दळून. याच कथेत पुढे श्मुकाने आजी पिवळा आणि पांढरा मका नऊ वेळा दळते आणि त्या पिठातून पहिली माणसं घडतात.

२ नोव्हेंबर, चिचेन इत्सा

गर्दीसाठी तयारी करूनच जा. आठला दरवाजे उघडतात तेव्हा आत असलेलं बरं, दहानंतर पर्यटकांच्या बसगाड्या आणि जग्वारच्या आवाजाच्या शिट्ट्या विकणारे यांच्यात दगडही दिसत नाहीत. तिकिटं दोन असतात, राज्य सरकारचं वेगळं आणि केंद्राचं वेगळं. पिरॅमिडवर चढायला बंदी आहे, ते चांगलंच आहे.

सगळे पिरॅमिडकडे जातात, आम्ही आधी चेंडूच्या मैदानाकडे गेलो. दोन्ही बाजूंच्या भिंतींच्या पायथ्याशी कोरीव पट्ट्या आहेत. मधल्या चौकटीत एक खेळाडू गुडघ्यावर आहे, डोकं नाही. मानेतून रक्ताच्या धारा उसळतात आणि त्या धारा म्हणजे साप आहेत. मधली एक धार मात्र साप नाही, ती वेल आहे. तिला पानं आणि फुलं आलेली आहेत. समोर दुसरा खेळाडू हातात ते डोकं आणि सुरी घेऊन उभा. सकाळच्या तिरप्या उन्हात ही वेल नीट दिसते, दुपारी सगळं सपाट होतं. आईने चष्मा पुसून पुन्हा बघितलं आणि फूल बोटाने हवेतच गिरवलं.

तिथून पांढऱ्या जुन्या रस्त्याने पवित्र सेनोतेपर्यंत चालत जायचं. सुमारे साठ मीटर व्यासाची, उभ्या कड्यांची, हिरव्या पाण्याची ही विहीर. युकातानच्या चुनखडीच्या जमिनीवर नद्या जवळजवळ नाहीत, पाणी जमिनीखाली. त्यामुळे अशा विहिरी हेच पाण्याचं तोंड आणि शिबाल्बाचंही. यातून गेल्या शतकात सोनं, जेड, धूप आणि माणसांची हाडं वर काढली गेली.

इथे कुमारिकांना पाण्यात टाकत असत अशी गोष्ट गाइड अजून रंगवून सांगतात. २०२४ मध्ये जे समोर आलं ते याहून वेगळं आहे. १९६७ मध्ये या विहिरीजवळ एका भूमिगत टाकीत शंभराहून अधिक लहान मुलांचे अवशेष सापडले होते. त्यांतल्या ६४ जणांचा डीएनए तपासला. सगळे मुलगे. अनेक जण एकमेकांच्या जवळच्या नात्यातले आणि दोन जोड्या एकसारख्या जुळ्यांच्या. जुळे मुलगे जमिनीखाली जातात आणि परत येतात, ही कथा पोपोल वुह लिहिली जाण्याच्या कित्येक शतकं आधी इथे खरी मानली जात असावी आणि तिच्यासाठी ही मुलं दिली गेली असावीत, असा अंदाज आहे. ही विहीर बघताना मला हे विसरता आलं नाही, आणि विसरावंसं वाटलंही नाही. या संस्कृतीवर माझं मनापासून प्रेम आहे, म्हणून तिच्यातलं हेही सांगितलं पाहिजे. याच अभ्यासात जवळच्या एका गावातल्या आजच्या माया रहिवाशांचं या मुलांशी आनुवंशिक नातंही दिसलं.

४ नोव्हेंबर, कांपेचे

मधला दिवस पावसात आणि बसची वाट बघण्यात गेला. उत्तरेकडून थंड वारा सुटला होता, इथे त्याला ‘नोर्ते’ म्हणतात. एक हलकं जॅकेट जवळ असू द्या.

कांपेचेला तटबंदी आणि रंगीत गल्ल्या बघायला लोक येतात. मला ओढ सान मिगेल किल्ल्यातल्या पुरातत्त्व संग्रहालयाची होती (सोमवारी बंद असतं). कालाकमुल या प्राचीन माया शहराच्या राजांचे जेडचे मुखवटे इथे आहेत, आणि हाइना बेटावरच्या मातीच्या बाहुल्या. हाइना हे कांपेचेच्या किनाऱ्यालगतचं बेट. माया लोकांनी तिथे पुष्कळ माणसं पुरली, आणि मृताबरोबर हातभर नव्हे, वीतभर उंचीच्या या बाहुल्या ठेवल्या. बेटावर सहज जाऊ देत नाहीत, त्यामुळे बाहुल्या इथेच बघायच्या.

विणणारी बाई, शेतकरी, चेंडू खेळणारा, गलेलठ्ठ सरदार. सुरकुत्या, दागिने, डोक्यावरच्या फडक्याच्या घड्या, सगळं नखाएवढ्या जागेत. बऱ्याच बाहुल्या आतून पोकळ आहेत, शिट्टी किंवा खुळखुळा म्हणून वाजतात. काहींमध्ये निळं फूल उमललेलं आहे आणि त्याच्या मधोमध माणूस कंबरेपर्यंत बाहेर आला आहे.

संग्रहालयातून बाहेर तोफांच्या गच्चीवर बसून आम्ही बोलत होतो. आईचा प्रश्न सरळ होता : यांच्यात पाप-पुण्य कुठे येतं? माझ्या समजुतीप्रमाणे फारसं येत नाही. शिबाल्बा ही शिक्षेची जागा नाही. तिथे चांगला-वाईट, राजा-शेतकरी बहुतेक सगळ्यांनाच जावं लागतं, आणि तिथे कर्माचा हिशोब नसतो, परीक्षा असतात. परत येणंही आपल्यासारखं, एकटा आत्मा एका देहातून दुसऱ्यात, असं नाही. ग्वातेमालातल्या आतितलान सरोवराकाठचे त्सुतुहिल माया नातवाला आजोबांचं नाव देतात, आणि तो नातू आजोबांची जागा भरतो. परत येतं ते घर, पीक, नाव.

आणि ते आपोआप परत येत नाही, हे मला पोमुचपासून जाणवत होतं. मका हे असं पीक आहे की त्याचं कणीस तसंच जमिनीवर पडलं तर त्यातून नीट पुढचं पीक उगवत नाही. दाणे कणसाला घट्ट आणि वरून सालींनी बांधलेले. कोणीतरी कणीस सोलायचं, दाणे सुटे करायचे, जपून ठेवायचे आणि खड्डा करून पुरायचे, तेव्हा तो जगतो. माया चित्रांमध्ये मक्याचा देव फुटलेल्या कासवाच्या पाठीतून वर येतो, आणि एका प्रसिद्ध थाळीवर त्याचा मुलगा त्याला घागरीने पाणी घालताना दिसतो. बाप मरून गेला आहे, त्याला उगवायला मुलाचा हात लागतो. आजींच्या मांडीवरचा तो टॉवेल आणि ब्रश मला त्या घागरीच्या जातीचेच वाटतात.

५ आणि ६ नोव्हेंबर, पालेंके

कांपेचेहून पालेंके बसने साधारण सहा तास. आता आपण चियापासच्या जंगलात. रात्री हाउलर माकडांचा आवाज ऐकून आईने मला उठवलं, वाघ आला म्हणून. गावापासून अवशेष आठेक किलोमीटरवर आहेत, सतत कोलेक्तिवो, म्हणजे सहा-आसनी रिक्षांसारख्या वाटून घ्यायच्या गाड्या, मिळतात. पाण्याची बाटली, डासांचं मलम आणि छत्री सोडून काही न्यायची गरज नाही. पायऱ्या ओल्या आणि शेवाळलेल्या असतात, बूट चांगले घाला.

इथला राजा किनिच हानाब पाकाल. जन्म इ.स. ६०३, बाराव्या वर्षी गादीवर, ६८३ मध्ये मृत्यू. शिलालेखांच्या मंदिराखाली त्याची समाधी आहे. मेक्सिकन पुरातत्त्वज्ञ आल्बेर्तो रूस लुइये यांना मंदिराच्या फरशीतल्या एका मोठ्या दगडाला दगडी बुचांनी बंद केलेली भोकं दिसली. तो दगड उचलल्यावर खाली जाणारा जिना सापडला, दगडमातीने गच्च भरलेला. तो उपसायला कित्येक हंगाम गेले आणि १९५२च्या जूनमध्ये ते तळाच्या खोलीत पोचले. समाधीची खोली आता लोकांना बंद आहे. पण आवारातल्या संग्रहालयात तिची पूर्ण आकाराची प्रतिकृती काचेआड आहे, तिथे निवांत तासभर द्या. अस्सल जेडचा मुखवटा मेक्सिको सिटीला आहे.

झाकणाचा दगड पावणेचार मीटर लांब. त्यावर पाकाल मागे रेललेला, खाली पाताळाचा उघडा, हाडांचा जबडा, आणि त्याच्या अंगातून उठल्यासारखं वर गेलेलं क्रूसाच्या आकाराचं झाड, टोकाला पक्षी. पेहराव मक्याच्या देवाचा. हे चित्र म्हणजे यानात बसलेला परग्रहवासी आहे, असं सांगणारी पुस्तकं आणि कार्यक्रम अजून चालतात. मला त्याचा मनापासून राग येतो, कारण त्यात माणसांनी माणसांसाठी विचारलेला सगळ्यात जुना प्रश्न पुसला जातो.

झाकणापेक्षा मला पेटीच्या बाजू आवडल्या. तिथे पाकालचे पूर्वज जमिनीच्या भेगांतून कंबरेपर्यंत वर येत आहेत आणि प्रत्येकाच्या मागे एक फळझाड आहे. पाकालची आई साक कुक कोकोच्या झाडाबरोबर. बाकीच्यांमागे पेरू, अवोकाडो, सापोते. राजघराण्याची फळबागच. पाकालच्या तोंडात जेडचा मणी होता आणि दोन्ही हातांत जेडचे तुकडे. आणि समाधीपासून एक दगडी नळी जिन्याच्या कडेने वरच्या मंदिराच्या फरशीपर्यंत नेलेली आहे. जिना तर मातीने कायमचा बुजवला होता, तरी ही एवढी वाट मोकळी ठेवली. आईला नळी दाखवली तर ती म्हणाली, “बोलायला ठेवली असणार.” रूस यांचीही कबर याच आवारात, त्या मंदिरासमोर आहे. बरेच लोक तिच्यावरून तसेच पुढे जातात.

दुसऱ्या दिवशी आम्ही एक गाइड घेतला, जवळच्या चोल माया गावातला पन्नाशीचा शेतकरी. पाकालचा मुलगा कान बालाम याने वडिलांनंतर इथे तीन देवळांचा समूह बांधला. कोणत्या देवळावर चढू देतात हे बदलत असतं, त्या दिवशी पालवीच्या क्रूसाचं देऊळ बंद होतं. त्याच्या आतला कोरीव दगड अजून जागेवर आहे. गाइडने खांद्यावरच्या पिशवीतून प्लॅस्टिकमध्ये घातलेलं त्याचं रेखाचित्र काढलं आणि देवळाच्या पायथ्याशी दगडावर पसरलं. मधोमध मक्याचं झाड. पानांत दोन्ही बाजूंना कणसं, आणि कणसांच्या जागी माणसांची डोकी, मिटलेले ओठ, कपाळावर केसांचा झुबका, कणसाच्या तुऱ्यासारखा. गाइडने नखाने सालीच्या रेघा दाखवल्या. “हे सोलायचं राहिलंय अजून,” तो म्हणाला.

मग आईने त्याच्याशी माझ्यामार्फत शेतीचीच चौकशी केली. तो पावसाच्या तोंडावर, मे महिन्यात, टोकदार काठीने भोक पाडून मका लावतो. एका भोकात चार-पाच दाणे, त्यातच घेवडा आणि भोपळा. बियाणं विकत आणत नाही. चुलीवरच्या आढ्याला टांगलेली कणसं, वडिलांकडून आलेली. धुराने कीड लागत नाही. एका वर्षी पूर आला तर घरातून आधी कणसं बाहेर काढली, असं त्याने सांगितलं. पावसाची मोठी सर आली तेव्हा आम्ही तिघे छत्र्यांखाली त्या चित्रावर वाकून उभे होतो.

जायचा विचार असेल तर एवढं सांगते. मेरिदातली राहण्याची जागा ऑगस्टमध्येच ठरवा, या दिवसांत ती मिळत नाही. आत्म्यांची मिरवणूक, सामान्य दफनभूमीपासून सान हुआनच्या कमानीपर्यंतची, बघण्यासारखी असते, पण तिची तारीख दर वर्षी बदलते, आधी बघून घ्या. पोमुच, गाव आणि पालेंके या क्रमाने केलं तर एकेक गोष्ट पुढच्या गोष्टीचा अर्थ उलगडते. चिचेन इत्सा मेरिदाहून सव्वाशे किलोमीटर, सोयीने कधीही घाला. रजा थोडी जास्त काढता आली तर नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत थांबा. तेव्हा ‘बिश’ असतो, पाहुण्यांना निरोप द्यायचा दिवस. पुन्हा एकदा मुकबिल पुरतात. गावच्या आजींनी आईला त्यासाठीही बोलावलं होतं, पण आमची परतीची तिकिटं ७ तारखेची होती.